बेल्ट एक वीत सैल: विमानातल्या जबर हादऱ्यांत जागेवर कसं राहायचं

मे महिन्यातली दुपार. दिल्लीहून पुण्याला येणारं विमान, उतरायला साधारण पंचवीस मिनिटं उरलेली. बाविसाव्या रांगेत एक काका-काकू शेजारी शेजारी बसले होते. काकांनी झोपण्याआधी बेल्ट आवळून घेतला होता. काकूंनी जेवण झाल्यावर पोटावर दाब येतो म्हणून तो सैल केला होता, इतका की बक्कल मांडीवर लोळत होतं. मी तेव्हा केबिन क्रूमध्ये होते आणि चहाचे कप गोळा करत मागे चालले होते. पहिला धक्का बारीक होता. दुसरा आला तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. एका सीटचा हात हाताला लागला म्हणून मी वाचले. काकू वर गेल्या, त्यांचं डोकं सामानाच्या कप्प्याला लागलं आणि त्या तिरक्या होऊन सीटच्या हातावर आदळल्या. त्याच रांगेत, त्याच धक्क्यात काकांचं फक्त पाणी सांडलं. सगळं शांत झाल्यावर मी वर पाहिलं, तर छतावरून दुधाच्या चहाचे ओघळ येत होते.

त्या दोघांमध्ये फरक होता तो एक वीतभर बेल्टचा. सतरा वर्षं मी उडाले, पुढे नव्या मुलामुलींना शिकवलं, आणि आता धानोरीत घरी बसून ओळखीपाळखीच्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ याच एका विषयावर जातो. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. तिकीट काढण्यापासून ते उतरून डॉक्टरकडे जाण्यापर्यंत.

आधी हे समजून घ्या

पीएमपीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी गतिरोधक ओलांडला आहे, त्यांना यातलं विज्ञान अंगाने माहीत आहे. बस खाली जाते, आपण क्षणभर तिथेच राहतो. विमानातही तेच होतं, फक्त खूप जोरात. विमान झपकन खाली जातं, सैल बसलेला माणूस होता तिथेच राहतो आणि छत त्याच्या डोक्यावर येऊन आदळतं. लगेच विमान सावरतं आणि तोच माणूस खाली कोसळतो. डोकं आणि मान पहिल्या टप्प्यात दुखावते. कंबर, घोटे आणि मणके दुसऱ्या टप्प्यात.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात हेच घडलं. ते म्यानमारवर ३७,००० फुटांवर होतं. तपास यंत्रणेने प्राथमिक अहवालात दिलेले आकडे मी प्रत्येकाला ऐकवते: ०.६ सेकंदात विमानातला भार अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला (एक जी म्हणजे जमिनीवर जाणवतं तेवढं आपलं वजन). उणे म्हणजे माणूस छताकडे फेकला जातो. पुढच्या चार सेकंदांत भार पुन्हा अधिक १.५ जी झाला, म्हणजे वर गेलेली माणसं खाली आदळली. या सगळ्यात विमान खाली आलं ते १७८ फूट, म्हणजे साधारण ५४ मीटर. एका वयस्क प्रवाशाचा मृत्यू झाला, डझनावारी लोक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. ०.६ सेकंद म्हणजे डोळ्यांची उघडझाप. तेवढ्यात कुणाचाही हात बक्कलपर्यंत पोहोचत नाही. बेल्टचा दिवा लागला की लावू, असा विचार असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

लोक याला ‘एअर पॉकेट’ म्हणतात, जणू आकाशात खड्डा आहे. हवेत अशी पोकळी नसते. हवा वर चढत असते, खाली कोसळत असते, वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह एकमेकांना घासत असतात, आणि विमान त्या सीमेवरून जातं. कारणं ढोबळमानाने चार. उन्हाने तापून वर चढणारी हवा आणि तिचे गडगडाटी ढग. डोंगरावरून येणारा वारा, जो पलीकडे लाटांसारखा उसळतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वेगवान जेट प्रवाह, ज्यांच्या कडेला निरभ्र आकाशातही हादरे बसतात. आणि पुढे गेलेल्या मोठ्या विमानाने मागे सोडलेले भोवरे. यातला तिसरा प्रकार सर्वांत फसवा. वैमानिकापुढचं रडार पावसाचे थेंब पाहतं. कोरडी, निरभ्र, खवळलेली हवा त्याला दिसत नाही.

हादऱ्यांच्या पायऱ्याही ओळखायला शिका. कपातला चहा थरथरतो, तो हलका. कप हाताने धरावा लागतो आणि चालणं अवघड होतं, तो मध्यम. बेल्ट कंबरेत रुततो, उभं राहताच येत नाही आणि मोकळ्या वस्तू उडतात, तो जबर. या तिसऱ्या प्रकारात विमान काही क्षण वैमानिकाच्या ताब्याबाहेरही जाऊ शकतं. बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला तो आयुष्यभरात एकदाही येत नाही. ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना आधी कळत नाही.

विमान मोडेल का?

आजच्या प्रवासी विमानाबद्दल माझं उत्तर ठाम ‘नाही’च्या अगदी जवळचं आहे. जेट विमानाचा सांगाडा वजनाच्या अडीच पट भार नेहमीच्या उड्डाणात सोसेल असा आखतात आणि त्याच्याही वर दीडपट ताकद ठेवतात. बोइंग ७८७ च्या चाचणीत २०१० साली पंख साडेसात मीटरच्या आसपास वर वाकवून पाहिले होते. तेव्हा खिडकीतून पंखाचं टोक हलताना दिसलं तर घाबरू नका. तो वाकतो म्हणूनच टिकतो.

इतिहासात असं घडलेलं आहे, हेही सांगायला हवं. ५ मार्च १९६६ रोजी जपानमध्ये फुजी पर्वताजवळ वाऱ्याच्या लाटांत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं विमान हवेतच मोडलं आणि १२४ जण गेले. डोंगराच्या पाठीमागच्या वाऱ्याचा धाक वैमानिकांना त्यानंतर फार नीट कळला.

उलट बाजूला आपल्याकडचं उदाहरण घ्या. २१ मे २०२५, सिंगापूरच्या घटनेला बरोबर एक वर्ष झालेलं. दिल्ली–श्रीनगर विमान गारांच्या वादळात सापडलं. नाकाचा भाग फुटला, आत लोक रडत होते, प्रार्थना करत होते. विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं. यंत्र टिकतं. आपल्याला काळजी करायची आहे ती आतल्या माणसाची.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या नोंदीत २००९ ते २०२२ या काळात हादऱ्यांमुळे १६३ जण गंभीर जखमी झाले. त्यातले १२९ क्रूचे, प्रवासी फक्त ३४. क्रू इतका का? कारण तो उभा असतो. याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

तिकीट काढताना

पुण्याहून निघणाऱ्यांनी वेळ पाहून तिकीट काढावं. मार्च ते मे या महिन्यांत दख्खनचं पठार दुपारी तापतं, तीन-साडेतीननंतर ढग चढायला लागतात आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळतो, कधी गारांसह. लोहगावला उतरणारी दुपारची आणि संध्याकाळची विमानं याच वेळेत येतात. पहाटे-सकाळी हवा थंड आणि स्थिर असते. शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या. हिवाळ्यात सकाळी धुक्याने उशीर होऊ शकतो, पण उशीर आणि हादरा यांत मी उशीर निवडीन.

पावसाळ्याबद्दल लोकांचा समज उलटा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यावर बरेचदा थराथरांचे, संथ पाऊस देणारे ढग असतात. तेव्हा पश्चिमेचा जोरदार वारा सह्याद्रीवरून येतो, त्यामुळे चढताना-उतरताना विमान खडबडतं, पण ते बहुधा हलकं-मध्यम असतं. त्यापेक्षा वळवाचे दिवस आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस अधिक जपायचे. हिवाळ्यात जेट प्रवाह दक्षिणेकडे, उत्तर भारतावर सरकलेला असतो, म्हणून दिल्लीकडे जाताना निरभ्र आकाशातही गचके बसू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत लेहला जाणाऱ्यांनी तिथली विमानं सकाळीच का असतात असा प्रश्न विचारू नये. दुपारी त्या दऱ्यांतला वारा फार उसळतो. आणि बँकॉक-सिंगापूरकडे जाताना बंगालच्या उपसागरावरचे ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढतात. प्रवासी विमान त्यांच्यावरून जाऊ शकत नाही, त्याला वळसाच घालावा लागतो.

जागा निवडताना पंखाजवळची घ्या. विमानाचा तोल तिथे सांभाळला जातो, त्यामुळे वरखाली होणं कमी जाणवतं. शेपटाकडे ते सर्वांत जास्त. ज्यांना पोटात ढवळतं त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. सुरक्षिततेसाठी मात्र पंखाजवळचा सैल बेल्ट शेपटाकडच्या घट्ट बेल्टपेक्षा वाईट.

निघायच्या दिवशी

हवामानाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. शिवाजीनगरला सिमला ऑफिसमध्ये हवामान खातं आहे, पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिथले शास्त्रज्ञ २००९ पासून संशोधनाची विमानं घेऊन ढगांचा अभ्यास करत आले आहेत. वीज कुठे पडते आहे ते सांगणारं ‘दामिनी’ ॲप त्याच संस्थेचं. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲपही आहे. निघण्याआधी दोन्ही एकदा उघडा, निघायच्या आणि पोहोचायच्या अशा दोन्ही गावांसाठी. गडगडाटाचा इशारा असेल तर काय करायचं? उड्डाण रद्द करायचं नाही. तो निर्णय वैमानिकाचा आणि त्याच्या हाती तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. तुम्ही एवढंच ठरवायचं की आज स्वच्छतागृह बसण्याआधी विमानतळावरच उरकायचं, गरम चहा-कॉफी विमानात घ्यायची नाही आणि बाळाचं दूध-पाणी हाताशी ठेवायचं.

पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. मळमळीचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि ती आधी घ्यावी लागते. हादरे सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. आलेपाकाच्या वड्या मी स्वतः जवळ ठेवते.

बेल्ट

हा भाग नीट वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

बेल्ट पोटावर बांधायचा नसतो. तो कंबरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात, त्यांच्या खालून, मांडीच्या वरच्या टोकाला घट्ट बसला पाहिजे. हाडं धक्का सोसतात, पोटातले अवयव सोसत नाहीत. बसताना आधी पाठ टेकवून अगदी मागे सरका. मग बक्कल लावा आणि मोकळं टोक ओढा. बेल्ट आणि अंग यांच्यामध्ये तळहात सपाट सरकला पाहिजे, मूठ जाता कामा नये. टेकऑफनंतर अर्ध्या तासाने पुन्हा ओढा. माणूस सीटवर घसरत जातो आणि बेल्ट आपोआप सैल होतो, हे कुणाच्याच ध्यानात येत नाही.

साडी नेसलेल्या बायकांना मी हे हाताने दाखवायचे. निऱ्यांचा फुगा पोटावर असतो आणि बेल्ट त्या फुग्यावर बसतो. वाटतं घट्ट, पण धक्का बसला की कापड दबतं आणि तीन-चार इंचांची जागा मोकळी होते. म्हणून निऱ्या दोन्ही हातांनी सपाट करून घ्यायच्या, बेल्ट त्यांच्या खाली कंबरेच्या हाडांवर आणायचा आणि मगच ओढायचा. जाड जॅकेटचंही तसंच. गरोदर बाईने पोटाच्या फुगवट्याच्या खालून घ्यावा, वरून कधीही नाही. बेल्ट अपुरा पडत असेल तर जोडपट्टी मागा. ती क्रूकडे असते आणि ती मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

शाल किंवा ब्लँकेट अंगावर घ्यायचं तर बेल्ट त्याच्या वरून लावा. म्हणजे तुम्ही झोपला असताना दिवा लागला तरी क्रूला बक्कल दिसतं आणि तुम्हाला उठवावं लागत नाही.

आणि दिवा विझला तरी बेल्ट काढायचा नाही. दिवा विझणं म्हणजे उठायची परवानगी, बेल्ट काढायची सूचना नव्हे. आता तर याची गरज वाढतेच आहे. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवरच्या एका सर्वसाधारण ठिकाणी निरभ्र हवेतले जबर हादरे १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास होते, ते २०२० मध्ये २७.४ तास झाले. वाढ ५५ टक्क्यांची. हवामान तापतंय तसा जेट प्रवाहांतला ताण वाढतोय, असं त्यामागचं कारण आहे. आपल्या पोरांकडे अमेरिकेला जाणारे पुण्याचे किती आईबाबा त्याच समुद्रावरून जातात!

हाताशी काय, पायाशी काय

स्टीलची पाण्याची बाटली, चिवडा-लाडवांचा डबा, लॅपटॉप, टॅब. जबर हादऱ्यात हे सगळे दगड होतात. समोरच्या सीटच्या खिशात फक्त कागद, चष्म्याची केस, मऊ वस्तू. बाकी सगळं पिशवीत, पिशवीची चेन बंद, पिशवी समोरच्या सीटखाली. बाकरवडीचं पुडकं मांडीवर चालेल, डबा नाही. डोक्यावरचा कप्पा उड्डाणात कमीत कमी वेळा उघडा. उतरताना हादरे बसत असतील तर अजिबात नाही.

गरम पेयांमुळे भाजण्याच्या घटना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून लांबच्या उड्डाणांत इकॉनॉमीतल्या प्रवाशांना गरम कप नूडल्स देणंच बंद केलं, याच कारणाने. क्रू चहा द्यायचं थांबवतो तेव्हा हुज्जत घालू नका.

बाळ मांडीवर असेल तर

आपल्याकडे दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं. आठ किलोचं बाळ अडीच जीच्या धक्क्यात वीस किलोचं होतं आणि उलट्या धक्क्यात ते हातातून वर सुटतं. कितीही घट्ट धरलं तरी आईच्या हातात तेवढी ताकद नसते, हे कटू आहे पण खरं आहे. क्रू बाळासाठी वेगळा लूप बेल्ट देतो. तो तुमच्या बेल्टमध्ये अडकवायचा आणि बाळाच्या कंबरेला लावायचा. दोघांना मिळून एकच बेल्ट कधीही लावू नका, तुमच्या अंगाखाली बाळ चिरडेल. परवडत असेल तर बाळासाठी वेगळी सीट घ्या आणि विमानात चालणारी कार सीट न्या. कुठली चालते ते कंपनीला आधी फोन करून विचारून ठेवा. दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःचा बेल्ट पूर्ण वेळ लावा, ते कुरकुरलं तरी.

आईबाबांचा लांबचा प्रवास

सोळा तासांच्या उड्डाणात पायात गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर चालायला सांगतात. मी बसून राहायला सांगते. दोन्ही बरोबर आहेत. बेल्टचा दिवा विझलेला असेल, विमान शांत असेल तेव्हा उठा, एका हाताने सीटची पाठ धरत चाला आणि लगेच परत या. गॅलीजवळ, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराजवळ, घोळका करून गप्पा मारू नका. मधल्या वेळेत जागेवरच घोटे गोल फिरवा, टाचा उचला-टेका. आईबाबांना वाटेकडेची सीट द्या, म्हणजे उठाबस कमी वेळात होते. आणि झोपेची गोळी नको. गुंगीतला माणूस बेल्ट आवळत नाही.

धक्के सुरू झाले की

तुम्ही बसलेले असाल तर पहिल्या गचक्यालाच बेल्टचं टोक ओढा. मागे टेका, डोकं सीटला चिकटवा, पाय जमिनीवर सपाट. हातातला कप सोडून द्या. सांडू दे. त्याला धरायला गेलात तर मान वाकडी होते. समोरची सीट हातांनी ढकलू नका, आपल्या सीटचे बाजूचे हात धरा.

चालत असाल तर आपली सीट गाठायचा प्रयत्न करू नका. पळणाऱ्यांनाच सर्वाधिक लागतं. जवळची कुठलीही रिकामी सीट पकडा आणि बेल्ट लावा. कुणी अनोळखी असलं तरी बसा, माफी नंतर मागा. सीट नसेल तर वाटेतच खाली बसा, सीटच्या धातूच्या पायाला किंवा हाताला दोन्ही हातांनी गच्च धरा, डोकं खाली. आम्ही क्रू हेच करतो. माझी एक सहकारी ट्रॉली सोडून असंच खाली बसली आणि वाचली, दुसरी ट्रॉली सावरत उभी राहिली आणि तिचा घोटा मोडला.

स्वच्छतागृहात असाल तर झाकण पाडून बसा, भिंतीवरची मूठ धरा, दुसरा हात वॉशबेसिनच्या कडेवर. दार उघडून बाहेर यायची घाई नको. क्रूला तुम्ही आत आहात हे माहीत असतं.

क्रूला तातडीने बसण्याची सूचना वैमानिकाने दिली आणि ट्रॉली अर्धवट सोडून आम्ही बसलो, तर समजा की आता खरा धक्का येणार आहे. त्या वेळी हाक मारू नका, बटण दाबू नका. शेजारच्या माणसाचा बेल्ट एकदा पाहा, एवढं करा. त्या दिवशी काकांनी काकूंच्या बेल्टकडे पाहिलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

उतरताना विमान मध्येच पुन्हा वर गेलं, तर तो अपघात टळल्याचा क्षण नसतो. वैमानिकाला वारा किंवा दृश्यमानता पटली नाही, म्हणून तो फेरी मारून पुन्हा येतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, विमानांचं नियंत्रणही हवाई दलाकडे. वादळ तळावर असेल तर विमान घिरट्या घालतं किंवा मुंबई-हैदराबादला वळतं. तिथे चार तास बसावं लागलं तरी क्रूवर चिडू नका.

भीती वाटली तर

भीती वाटणं स्वाभाविक आहे, तिला हसू नये. नाकाने श्वास घ्या, मनात चार मोजा, तोंडाने हळू सोडा, सहा-सात मोजेपर्यंत. सोडणं लांबवलं की छातीतली धडधड उतरते. पाण्याची बाटली हातात धरून तिच्यातल्या पाण्याकडे पाहा. हलक्या-मध्यम हादऱ्यांत पाणी फारसं उसळत नाही, आणि आपण शेकडो फूट कोसळतोय ही भावना किती खोटी आहे ते डोळ्यांना दिसतं. तेव्हाचा वरखाली प्रवास बहुतेक वेळा काही फुटांचाच असतो. कानात हेडफोन घातला तर घोषणा ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा.

शांत झाल्यावर

पहिले दहा मिनिटं बेल्ट सोडू नका. दुसरी लाट येते, आणि पहिल्या लाटेनंतर मदतीला उठलेले लोक तिच्यात सापडतात. कुणी बेशुद्ध आहे, रक्त येतंय, मानेत किंवा पाठीत दुखतंय असं दिसलं तर हाक मारून क्रूला सांगा. मान-पाठ दुखणाऱ्याला हलवू नका, उचलून आडवं करू नका. रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. भाजलं असेल तर साधं पाणी ओतत राहा. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. विमानात डॉक्टर असतील तर क्रू विचारतो. तुम्ही डॉक्टर असाल तर पुढे या.

उतरल्यावर विमानतळाच्या वैद्यकीय कक्षात तपासून घ्या आणि तिथला लेखी कागद घ्या. गंभीर असेल तर १०८ ला फोन. डोक्याला मार लागलेल्या माणसावर पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ, वाढत जाणारी डोकेदुखी यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. वय साठच्या पुढे असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

काकू त्या दिवशी वैद्यकीय कक्षात गेल्या नाहीत. डोक्याला टेंगूळ आलं होतं, बाकी बरं आहे म्हणाल्या, बाहेर मुलगा गाडी घेऊन उभा होता. तिसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठता येईना. एक्स-रेमध्ये कंबरेच्या वरचा एक मणका दबलेला निघाला. तीन महिने पट्टा, सहा महिने व्यायाम. मुलाने कंपनीकडे नुकसानभरपाईसाठी लिहिलं तेव्हा त्यांच्याजवळ त्या दिवसाचा एकही कागद नव्हता.

म्हणून कागदांचं शेवटचं सांगते. बोर्डिंग पास टाकू नका. इजा झाली असेल तर विमानातून उतरण्याआधी क्रूला नोंद करायला सांगा आणि कंपनीच्या काउंटरवर लेखी द्या. जखमेचे, सामानाचे फोटो काढा. बिलं, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावा. प्रवास विमा असेल तर त्यांना लगेच कळवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे विमानात झालेल्या शारीरिक इजेची जबाबदारी कंपनीवर येते. २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) रकमेसाठी प्रवाशाला कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र दिवा लागलेला असताना तुम्ही बेल्ट लावला नव्हता असं दिसलं, तर भरपाई कमी होऊ शकते. तपासलेल्या सामानाचं नुकसान झालं असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार. दाव्यासाठी मुदत दोन वर्षांची, पोहोचल्याच्या दिवसापासून मोजायची. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे उड्डाण क्रमांक, तारीख, सीट क्रमांक आणि वैद्यकीय कागद लागतात.